धाकट्याच्या हाताचं माप

थोरलीला कुणी शहाणपण शिकवायला गेलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. तलवारबाजीच्या हॉलमागच्या खोलीत बसून तिने तीस वर्षं खेळाडूंच्या तलवारींना मुठी बसवल्या होत्या. शाळा चौथीतच सुटली, पण हात बघून कुणाला कुठली मूठ लागेल ते ती सांगायची. दणकट, उतावळ्या पोरींना पिस्तुली मूठ, बोटांसाठी खाचा असलेली. लांब हाताच्या, थंड डोक्याच्यांना सरळ, काठीसारखी. प्रत्येकाचा हात आधी ओल्या मातीत दाबून घ्यायची आणि मगच कानस उचलायची. माप घेतल्याशिवाय मूठ नाही, मग तो राजाचा पोरगा का असेना.

तिचा धाकटा भाऊ त्याच हॉलचा मास्तर. तो फक्त सरळ मुठीचा. "तलवार अंगठा आणि पहिलं बोट धरतात, उरलेली तीन तिच्या कानात सांगतात," असं तो पोरांना शिकवायचा. पिस्तुली मुठीला तो कुबडी म्हणायचा.

थंडी सुरू झाली आणि त्याच्या त्या सांगणाऱ्या बोटांतली शेवटची दोन पार बधिर झाली. एकदा धडा देताना तलवार हातातून पडली, पोरं हसली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा कुणीच हसलं नाही. मग व्यवस्थापकाने सांगून टाकलं, शनिवारी हॉलची समिती धडा बघायला येईल, तेव्हा तलवार सांभाळता आली नाही तर मास्तर बदलावा लागेल.

धाकटा बहिणीकडे आला. तलवारीच्या हातात मोजा, वर तो हात खिशात.

"ताई, मनगटाला पट्टा शिवून दे. तलवार बांधूनच टाकतो."

"बांधायला तलवार काय बैल आहे? पिस्तुली मूठ घे."

"जन्मभर पोरांना कुबडी म्हणून चिडवलं, आता तीच काखेत मारू?"

"पाय अधू झाल्यावर कुबडीला नावं ठेवणारा पहिलाच बघतेय मी."

दुसऱ्या हाताने त्याने आपली तलवार तिच्यासमोर ठेवली. "बसव. पण माझ्याच पात्यावर. दुसरं पातं माझं ऐकत नाही."

"पात्याचा मुठीतला दांडा कापावा लागेल. एकदा कापला की सरळ मूठ त्यावर परत बसायची नाही."

"माहितीये. मातीत हात दाबू का?"

"तुझा?" थोरली फणकारली. "बोट धरून चालायला शिकवलं तुला. तुझ्या हाताचं माप मी मातीला विचारू? ठेव तो मोजा हातात, गारठा आहे."

धाकट्याने हात खिशात आणखी खोल घातला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावला. थोरलीला वाटलं, बहिणीवरचा विश्वास.

तिने दांडा करवतीने कापला. दोन दिवस खपून मूठ घडवली. भरदार तळवा, जाड बोटं, सगळं तोंडपाठ होतं तिला.

शनिवारी समितीची तीन माणसं खुर्च्यांवर बसली. थोरली दारात उभी. समोर धाकट्याची शिष्या, सगळे जिला टाचणी म्हणत ती. सुरुवातीला धडा छान चालला, थोरलीची मान ताठ झाली. मग टाचणीने धड्याप्रमाणे त्याच्या पात्यावर हलकीच टक्कर दिली, आणि सैल झालेल्या दाराच्या मुठीसारखी तलवार त्याच्या हातात गरकन फिरली. पडली नाही. खाचांत बोटं अडकली होती. टोक मात्र जमिनीकडे.

टाचणीने आपली तलवार खाली केली.

"थांबलीस का? मार की," धाकटा म्हणाला.

"मास्तर, पुरे करू या ना," ती म्हणाली. समितीतला एकजण कागदात बघू लागला.

धाकट्याने तलवार खाली ठेवली आणि मोजा काढला. अंगठ्याशेजारचं मांस झडलं होतं, चमचा बसेल एवढा खड्डा. दोन बोटं आत वळलेली. थोरलीने घडवलेली मूठ या हाताची नव्हतीच.

"हे कधीपासून रे?"

"झाले सहा महिने."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे, ताई? तू सांगत होतीस."

थोरली समितीकडे वळली. "चूक माझी आहे. मूठ मोठी झाली. सोमवारी दुसरी देते."

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "मूठ बदलाल बाई. हात तर तोच राहणार ना?"

थोरलीने तलवार उचलली आणि धाकट्याचा दंड धरून त्याला आत नेलं.

मागच्या खोलीत तिने धाकट्याला स्टुलावर बसवलं आणि त्याचा हात मांडीवर घेतला. गार होता.

"आता कशाला?" तो म्हणाला.

"गप बस."

ती कानस मारायची, मूठ त्याच्या हातात द्यायची, बोटं एकेक करून खाचांत बसवायची, पुन्हा काढून घ्यायची. बाहेर पोरं निघून गेली. शेवटी मूठ बसली. हलवून बघितली, तसूभरही फिरली नाही.

धाकट्याने तलवार उचलली, हवेत एकदा सरळ टोक रोखलं. हात स्थिर होता. मग त्याने ती बहिणीच्या टेबलावर ठेवली, कोट चढवला, आणि गुंडी लावायला जमेना तशी उघड्या कोटानेच निघून गेला.