राऊळांच्या गॅलरीतला धूर

दहिसरला नदीच्या अलीकडे चाळी पाडून टॉवर झाला, तेव्हा प्रभाकाकी राऊळ यांना सहाव्या मजल्यावर घर मिळालं. घराला गॅलरी होती. चाळीत जन्म काढलेल्या बाईला गॅलरी मिळाली की ती काय करते? चारचौघींना बोलावून दाखवते. काकींनीही दाखवली. फक्त गॅलरीतून पुढे काय दिसतं ते दाखवताना पडदा ओढून घेतला. पुढे सिमेंट कालवायचा प्लान्ट होता. वाळूचे, खडीचे डोंगर, आणि पोट गरगर फिरवत ये-जा करणाऱ्या गाड्या. पुसलेल्या टेबलावर तासाभरात बोटाने नाव काढता यायचं.

टेबलाचं काही नाही, फडकं मारता येतं. काकींच्या यजमानांच्या छातीला फडकं मारता येत नव्हतं. अनंत राऊळ, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, परळच्या गिरणीत एकतीस वर्षं कापसाची धूळ खाऊन आलेले. चार पावलं चालले की भात्यासारखे वाजायचे. डॉक्टरने तपासून सरळ सांगितलं, "आजी, एकतर धूळ हलवा, नाहीतर ह्यांना हलवा. गावी वगैरे कोणी आहे का?"

"गावी ह्यांचा भाऊ आहे आणि त्याची बायको आहे," काकी म्हणाल्या. "तिच्या हातचं जेवण्यापेक्षा धूळ बरी. मी प्लान्टच हलवते."

काकींचं शिक्षण चौथी, तेही मास्तर दयाळू होते म्हणून. पण तोंड पदवीधर. त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांना घरी बसवून प्रदूषण मंडळाला अर्ज लिहवून घेतला. पहिलंच वाक्य असं, की मी प्रभावती अनंत राऊळ रोज पहाटे साडेचारला उठते आणि तेव्हापासून धूळ बघते. चंद्रप्रकाशांनी लिहिलं. काकींनी सांगितलेलं न लिहिण्याची त्या टॉवरमध्ये कुणाची टाप नव्हती.

अर्जाला उत्तर आलं नाही. आली ती जान्हवी. पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी, पाठीवर पोत्याएवढी बॅग, हाताचं मनगट भेंडीएवढं. ती लोकांच्या घरी हवा मोजायची यंत्रं लावत फिरायची. तिच्याकडे एकच यंत्र उरलं होतं आणि प्लान्टकडे तोंड असलेल्या गॅलऱ्या होत्या चौदा. मीटिंग भरली. काकी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणाकुणाला पाहिजे त्याने हात वर करा, मला बघायचंय." मीटिंग संपली.

यंत्र म्हणजे मिसळणाच्या डब्याएवढा पांढरा डबा. त्याला एक दिवा. हवा बरी असली की हिरवा, मधली असली की पिवळा, वाईट असली की लाल. आकडे घरच्या वायफायवरून जान्हवीकडे जायचे आणि सून मानसीच्या मोबाइलवरही दिसायचे.

"हे पीएम टू पॉइंट फाइव्ह मोजतं, आजी. केसाहून कितीतरी बारीक धूळ."

"अडीच म्हण ना सरळ. पीएम अडीच."

"हो, अडीच. त्याला झाकायचं नाही, पुसायचं नाही, वर कपडे वाळत घालायचे नाहीत."

"अगं, मी काय अडाणी आहे?" काकींनी विचारलं. मानसीला तेवढ्यात आत काहीतरी काम आठवलं.

त्यानंतर आठवडाभर काकी विज्ञानात होत्या. खाली बाकड्यावर भाज्या निवडताना त्या बायकांना पीएम अडीच समजावून सांगायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या रेवतीने विचारलं, मग पीएम तीन का नाही? काकी म्हणाल्या, "तू शिकली असतीस तर तुला कळलं असतं." रेवती बी.कॉम. होती. पण काकींपुढे पदवी कुठे काढणार?

हीच रेवती एकदा यंत्र बघायला वर आली आणि गालाला हात लावून म्हणाली, "अय्या, किती गोड आहे हो!" संध्याकाळी यंत्राचा दिवा गेला. ठार काळोख.

दुसऱ्या कुणीही वायर तपासली असती. काकींनी रेवतीला तपासलं. गोड म्हणाली, नजर लागली, यंत्र बसलं. ह्यात समजायला काय कठीण आहे? त्यांनी गॅसवर करवंटी पेटवली, धुपाटण्यात निखारे घेतले. मूठभर मीठ-मोहरी, सात सुक्या मिरच्या, झाडूची एक काडी. सात वेळा यंत्रावरून उतरवलं आणि निखाऱ्यात टाकलं. मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नाही, लागला नाही तर जबरदस्त दृष्ट, हे काकींना आईने शिकवलेलं. त्या यंत्राकडे बघत उभ्या राहिल्या. यंत्राला काही ठसका लागला नाही.

"बघितलंस?" त्या मानसीला म्हणाल्या. "केवढी लागलीय!"

मानसीने इस्त्रीसाठी वायफायचा नि यंत्राचा प्लग काढला होता, तो तिने खोकत खोकत परत लावला. दिवा आला. लालभडक आला. काकींनी हात जोडले.

आता एवढं गुणाचं यंत्र, त्याला रोज कोण ना कोण बघणार. म्हणून काकींनी रोजचं करून टाकलं. दिवेलागणीला देवापुढे धूप दाखवायचा, तोच धूप गॅलरीत यंत्राला. मंगळवारी-शनिवारी मिरच्याही. आणि यंत्र त्यांना फळ देत होतं! दिवसा पिवळं असणारं यंत्र सात वाजता लाल व्हायचं, आकडा चारशे, साडेचारशे. काकी खाली जाऊन सांगायच्या, "प्लान्टवाला चोर आहे. दिवसा साव, आणि सातच्या सुमाराला सगळं सोडतो. पण माझ्या यंत्राने पकडला." आपल्याच घरातला चोर आपणच वाजतगाजत पकडून आणलाय, हे त्या बाईच्या डोक्यात येईल तर शपथ.

जान्हवीने पाठवलेले आकडे बघून शेवटी प्रदूषण मंडळाचे साहेब सुनावणीला येणार म्हणून पत्र आलं. आदल्या दिवशी संध्याकाळी जान्हवी लॅपटॉप घेऊन आली. चेहरा उतरलेला.

"आजी, पहाटे पाच ते साडेसहा आकडा वाढतो, ते पटतं. तेव्हा त्यांच्या गाड्या भरतात. पण संध्याकाळी सातला एवढा कसा? मी तीन दिवस गेटवर उभी राहिले. प्लान्ट सहाला बंद होतो."

"तू गेटवर बघतेस. ते मागून सोडत असतील."

"मागे नदी आहे."

"मग नदीतून सोडत असतील," काकी म्हणाल्या आणि घड्याळ बघून उठल्या. "तू बस, बोल. माझे हात चालू दे. मंगळवार आहे."

निखारे झाले. देवाला धूप झाला. काकी गॅलरीत गेल्या, यंत्रावरून मिरच्या उतरवल्या, टाकल्या. जान्हवी लॅपटॉपकडे बघत होती. मग तिने यंत्राकडे बघितलं, मग काकींकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. सात वाजून दहा मिनिटं. दिवा पिवळ्याचा लाल झाला.

"आजी..." एवढंच म्हणून ती खोकायला लागली. खोकता खोकता हसायला लागली. मग हसणं थांबलं, कारण उद्या सुनावणी होती.

काकींच्या लक्षात यायला तेवढा वेळ पुरला. पण लक्षात आलं म्हणून कबूल करायचं, असा त्यांच्या माहेरी रिवाज नव्हता.

"हा देवाचा धूर आहे. ह्याने कुणाचं वाईट होत नाही."

"यंत्राला देव कळत नाही, आजी."

"मग शिकव त्याला. कॉलेजात जातेस ना?"

"मला सात ते आठचे आकडे काढून टाकावे लागतील. आणि का काढले ते लिहावं लागेल."

"नुसते काढ. माझ्या धुपाचं नाव घ्यायचं नाही. सगळ्या टॉवरपुढे माझी शोभा करतेस?"

"कारण न देता काढले तर ती लबाडी होते," पोरगी हळूच म्हणाली. मनगट भेंडीएवढं, पण वाकणारी नव्हती.

काकींना साक्षीदार हवा होता. "अहो," त्यांनी हाक मारली. "तुम्ही सांगा हिला, चाळीस वर्षं मी धूप घालते, कधी कुणाला काही झालं?" उत्तर नाही. बेडरूममध्ये नाहीत, न्हाणीघरात नाहीत. मानसी स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी राहिली.

"आई, बाबा जिन्यात असतात."

"जिन्यात काय करतात?"

"बसतात. रोज सात ते आठ."

काकी जिन्यात गेल्या. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये, पायरीवर वर्तमानपत्र अंथरून अण्णा बसले होते. शेजारी पाण्याची बाटली. म्हणजे जागा नेहमीची.

"इथे काय करताय?"

अण्णांनी आधी थोडा श्वास जमवला. "माका धूर सोसणा नाय गो."

"कधीपासून?"

"गिरण सुटली तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"एकदा सांगलेलंय तुका. चाळीत." अण्णा हसले. "तू म्हणालंस, देवाच्या धुराक नाक मुरडणाऱ्या माणसाचा माका तोंड बघूचा नाय. म्हणान मी बाहेर बसतंय."

काकींना ते आठवत नव्हतं. पण वाक्य त्यांचंच होतं, त्यात शंका नव्हती. दुसऱ्या कुणाला ते सुचलं नसतं. त्या नवऱ्याच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ त्याच्या छातीचा आवाज ऐकत राहिल्या. जान्हवी बॅग उचलून शेजारून उतरून गेली, तरी उठल्या नाहीत.

सुनावणी सोसायटीच्या हॉलमध्ये. साहेब टेबलापाशी, सगळा टॉवर खुर्च्यांवर, काकी पहिल्या रांगेत जरीच्या काठाचं लुगडं नेसून. प्लान्टचा मॅनेजर हर्षद म्हणून होता, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेसारखं.

"साहेब, हे बघा आकडे. सर्वांत जास्त सातला. आमचा प्लान्ट सहाला बंद. म्हणजे यंत्र खराब आहे. एक आकडा चुकीचा, तर सगळेच चुकीचे. अर्ज निकालात काढा."

जान्हवी उठली. काकींकडे बघितलं. "सर, सात ते आठचे आकडे धरू नयेत. त्याचं कारण... घरातला धूर..."

"कुणाच्या घरातला?" साहेबांनी विचारलं.

मागून चंद्रप्रकाश वाकून काकींच्या कानात म्हणाले, "काकी, गप्प बसा. यंत्र मध्ये बिघडलं होतं म्हणू. कुणाला काय कळतंय?"

काकींनी मागे बघितलं. अण्णा शेवटच्या रांगेत, दारापाशी बसले होते. हवा लागावी म्हणून.

"माझ्या घरातला," काकी उभ्या राहून म्हणाल्या. "यंत्र चांगलं आहे, साहेब. मी खराब आहे. मी त्याची रोज दृष्ट काढत होते. मंगळवार-शनिवार मिरच्या."

हॉल असा फुटला की साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. रेवती तर खुर्चीवरून घसरली. काकी उभ्याच राहिल्या. चौसष्ट वर्षांत लोकांना हसवायचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. लोकांना रडवायचा सराव होता.

"हसून झालं? मग लिहा. संध्याकाळचा धूर माझा, माझ्या नावावर लिहा. पहाटेचा त्यांचा, त्यांच्या नावावर."

हर्षद उभा राहिला. तो तयारीचा होता. "साहेब, पहाटेचाही ह्यांचाच. त्यांच्या अर्जात पहिलंच वाक्य आहे: रोज पहाटे साडेचारला उठते. उठून पूजा, धूप, चूल, सगळं तेव्हाच करत असणार."

साहेबांनी अर्ज वाचला. "बाई, हे खरं?"

आता इथे खरी गोची झाली. साडेचारला उठणं ही काकींची टॉवरमधली पत होती. त्या जोरावर त्यांनी नव्या सुनांना झोपाळू म्हटलं होतं, रेवतीच्या सासूला चार गोष्टी शिकवल्या होत्या. धुपाचं हसं एक वेळ चाललं असतं, धर्म तरी मध्ये होता. ह्याला कसलाच आडोसा नव्हता.

"नाही," काकी म्हणाल्या.

"मोठ्याने बोला."

"खोटं आहे! मी झोपलेली असते. सातपर्यंत घोरते. पाच वाजता आमच्या घरात धूर सोडा, दिवासुद्धा लागत नाही. विचारा माझ्या सुनेला."

मानसी उभी राहिली. सासूकडे बघितलं. सहा वर्षांत असा दिवस आला नव्हता, आणि तिने तो जपून वापरला.

"साडेसात, आई," ती म्हणाली.

ह्या वेळी लोक हसले ते वेगळं. साहेबांनी लिहून घेतलं. सात ते आठचे आकडे बाद, पहाटेचे ग्राह्य. प्लान्टने वाळू-खडी झाकायची, रस्त्यावर पाणी मारायचं, गाड्या भरायच्या जागेला शेड घालायची. प्लान्ट बंद करा म्हणून काकींनी सांगितलं होतं, तेवढं काही झालं नाही. पंधरा दिवस पुन्हा मोजणी, मग पुढचा निर्णय. "आणि बाई," साहेब म्हणाले, "ते पंधरा दिवस धूप नाही."

संध्याकाळी सात वाजता काकींना हातांचं काय करावं ते कळेना. देवाला नुसता दिवा लावला आणि त्याची माफी मागितली, म्हणजे त्यालाच दोन शब्द सुनावले. तेवढ्यात अण्णा बाटली घेऊन सवयीने दाराकडे निघाले.

"कुठे निघालात?"

"जिन्यात."

"जिन्यात काय ठेवलंय? इथे बसा."

काकींनी गॅलरीत खुर्ची टाकली. अण्णा बसले. यंत्राचा दिवा पिवळा होता. हिरवा काही झाला नव्हता. अण्णांना थोड्या वेळाने खोकला आलाच. काकींनी आधी आत वळून स्वयंपाकघरात डोकावलं. मानसी कणीक मळत होती, गॅस बंद. मग त्या कठड्याला पोट टेकून, सुनावणीनंतर घाईघाईने अर्धवट झाकलेल्या वाळूच्या डोंगराकडे तोंड करून, सगळ्या टॉवरला ऐकू जाईल अशा आवाजात प्लान्टवाल्यावर सुरू झाल्या.