क्लिमेंटची फांदी

डिसेंबरच्या सुरुवातीला, संत बार्बोराच्या सणाला, झोफीने यंदाही चेरीच्या तीन फांद्या तोडून आणल्या आणि माणसागणिक वेगळ्या रंगाची फीत बांधून खिडकीत पाण्यात ठेवल्या. घरात माणसं दोनच, ती आणि तिची सून ओतिली. तिसरी फांदी झोफीच्या मुलाची, ओतिलीच्या नवऱ्याची, क्लिमेंटची. तीन वर्षांपूर्वी तो खाणीत उतरला, तो जमिनीखालीच राहिला.

खाणीत आग लागली, तेव्हा ती विझावी म्हणून बोगद्याच्या तोंडाशी भिंत घातली गेली. आतली माणसं आतच राहिली. ना प्रेत मिळालं, ना मरणाआधी पाद्रीबाबांच्या हातचा शेवटचा प्रसाद. गावातल्या इतर विधवांनी डोळे पुसले, संसार पुन्हा मांडले. झोफी मात्र हटून बसली. बार्बोरा खाणवाल्यांची संत. प्रसादाशिवाय ती आपलं माणूस मरू देत नाही, हा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. नाताळपर्यंत क्लिमेंटची फांदी फुलली, तर त्याला प्रसाद मिळाला. नाही फुलली, तर तो अजून भिंतीपलीकडे ताटकळत उभा आहे. आणि ताटकळणाऱ्याच्या बायकोने दुसरं लग्न कसं करायचं?

फांदी दरवर्षी वाळकीच राहायची.

त्या गावात घरांच्या खालूनच बोगदे गेलेले. माती खचली की फळीवरच्या कपबश्या वाजायच्या. झोफी हातातलं काम सोडून म्हणायची, “उठला बघ.” पहिल्या वर्षी ओतिलीला तिचा राग यायचा. आता कपबश्या वाजल्या की तिच्याच तोंडून निघायचं, “थांब रे जरा.” मग अंगावर काटा यायचा.

ओतिलीला मागणी घातलेल्या आल्बिन लोहाराला दुसऱ्या गावी काम मिळालं होतं. नवीन वर्ष लागलं की तो जाणार होता.

“येतेस का माझ्याबरोबर? की त्या काडीला विचारून सांगणार?”

“काडी म्हणू नकोस.”

“बरं, सासूबाईंना म्हणतो. त्या तिच्याहून वाळल्यात.”

ओतिलीला हसू आलं, आणि हसल्याची लगेच भीती वाटली. तिला जायचं होतं. ह्या घरात आणखी एक हिवाळा काढला, तर आपणही भिंतीआड गेलो म्हणायचं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी झोफी देवळात गेली होती. लाल फितीची ओतिलीची फांदी ती गेल्यावरच पांढऱ्या फुलांनी उमलली होती. काळ्या फितीची क्लिमेंटची, कोरडी ठाक. ओतिलीने दोन्ही फिती सोडल्या आणि अदलाबदल करून बांधल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही; आपल्याच घरात ती पाय न वाजवता फिरू लागली.

झोफी आली, खिडकीशी गेली आणि मटकन खाली बसली.

“पोरी, ही फुलायला नको होती.”

“असं काय बोलता, आई?”

“अगं, गोठून मेलेल्या डहाळीची तोडते मी त्याची फांदी. दरवर्षी, मुद्दाम. तू गेलीस तर त्याच्यासाठी रडायला ह्या घरात कोण उरणार, असं वाटायचं.” तिने तोंडाला डोईच्या रुमालाचं टोक लावलं. “आणि बघ, मेल्या लाकडाला फुलं आली! बार्बोराने माझा कान पिळला गं. मिळाला त्याला प्रसाद. सुटलं माझं लेकरू. जा तू, आल्बिनला हो म्हण.”

ओतिलीने तिला हात देऊन उठवलं. खरं सांगावं, तर म्हातारीचा मुलगा पुन्हा भिंतीआड जाणार. तीन वर्षांत संताला खरा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. एकीने मेलेलं लाकूड पाण्यात ठेवलं, दुसरीने फिती बदलल्या. क्लिमेंटचं काय झालं, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि हे आता एकट्या ओतिलीला कळत होतं.

संध्याकाळी माशाचं सूप वाढताना झोफीने दर नाताळला मांडायची ते क्लिमेंटचं ताट उचलून फळीवर पालथं घातलं. तिचा चेहरा इतका मोकळा ओतिलीने कधी पाहिला नव्हता.

“जेव पोटभर,” झोफी म्हणाली. “जाताना घरातलं काय काय नेणार आहेस, ते सांगून ठेव.”

“काही नको, आई,” ओतिली म्हणाली. पण भिंतीआड ताटकळणारा क्लिमेंट आता आपल्याबरोबर येणार, हे तिला कळून चुकलं होतं.