क्लफ अँड पेनरोजची तोंडं

ज्या सोमवारी क्लफ अँड पेनरोज कंपनीने टेलिफोन बनवणं थांबवून रेडिओ बनवायला घेतले, त्या सोमवारी जोडणी खात्यातल्या सगळ्या माणसांची तोंडं गेली. रक्त नाही, व्रण नाही. नाकाखाली सरळ हनुवटीच. त्रिंबकराव तळपदे सकाळी बायकोशी, शालिनीशी, बोलत बोलत माझगावच्या कारखान्यात शिरले होते. दुपारी शालिनी त्यांना शोधत गेली तेव्हा ते रेडिओच्या खोक्यात तारा ओवत बसले होते. त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढची तार घेतली.

संध्याकाळी कारखान्याच्या हॅस्किन साहेबांनी सगळ्यांना आवारात उभं करून कंपनीचा इतिहास सांगितला. म्हाताऱ्या क्लफने विलायतेत एका सायकलच्या दुकानामागे पहिला टेलिफोन जुळवला. मग पेनरोज त्याचा भागीदार झाला. कंपनीने आधी पोस्टाला टेलिफोन पुरवले, मग रेल्वेला, मग लढाईतल्या खंदकांना. आता लढाई संपली होती आणि लोकांना घरात बसून ऐकायचं होतं.

"टेलिफोनला बोलणारा लागतो आणि ऐकणारा लागतो," साहेब म्हणाले. "रेडिओला फक्त ऐकणारा लागतो. बिनकामाचं कंपनी काही ठेवत नाही."

शालिनीचं तोंड तेवढं राहिलं, कारण ती तपासणी खात्यात होती. गोदामात जुने टेलिफोन पडून होते आणि माल बाहेर जाण्याआधी प्रत्येकात कुणीतरी बोलून पाहावं लागे. एका लाकडी खोलीत बसून ती दिवसभर म्हणायची, "हॅलो, ऐकू येतंय का?" एक टेलिफोन तपासून झाला की खोलीच्या भिंती टेलिफोनाएवढ्या आत सरकायच्या. तिच्या हे लगेच ध्यानात आलं आणि तिने काम हळू करायला सुरुवात केली. बाहेरून कुणीतरी दारावर लाथ घातली.

दुपारचा भोंगा झाला की बाकीचे सगळे कानांना हेडफोन लावून बसत. त्यांचं जेवण विलायतेहून हेडफोनमधून यायचं. काटेचमचे वाजत, कुणी सूप भुरकत असे, कुणी बिस्किट मोडत असे. त्या आवाजांवर त्यांची पोटं भरत. हळूहळू त्यांचे कान मोठे आणि गुबगुबीत झाले. शालिनी एकटीच कोपऱ्यात डबा उघडून भात-कालवण खायची, आणि तिच्या चावण्याचा आवाज त्यांच्या जेवणात खड्यासारखा लागायचा. सगळी खोली वळून तिच्याकडे बघायची.

एक दिवस तिच्या डब्यात वाळू निघाली. शेजारी बसलेल्या त्रिंबकरावांच्या नखांत वाळू होती.

"अहो, तुम्ही?" तिने विचारलं.

त्यांनी हेडफोन आणखी घट्ट दाबले.

ती तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांच्याही नाकाखाली आता सरळ हनुवटी होती. टेबलावरचा रेडिओ त्यांच्या आवाजात बोलत होता.

"साहेब, यांचं तोंड मला परत द्या."

"ते मालाबरोबर पुण्याला गेलं," रेडिओ म्हणाला. "कुठल्यातरी टेलिफोनात बसवलंय."

"कुठल्या घरी ते सांगा. मी जाऊन घेऊन येते."

"ते तुम्हाला ओळखणार नाही, मिसेस तळपदे. कुणीही विचारलं तरी ते एकच सांगतं."

"काय?"

"राँग नंबर."

साहेबांनी हात लांबवून रेडिओचा आवाज बारीक केला, तेव्हा ती निघाली.

पुढे विलायतेतल्या एका मोठ्या कंपनीने क्लफ अँड पेनरोज गिळली. इतिहासाचा हा भागही साहेबांच्या रेडिओनेच सगळ्यांना ऐकवला. त्या दुपारी हेडफोन लावल्यावर कुणालाच जेवण आलं नाही, नुसती घरघर. दुसऱ्या दुपारीही तसंच. माणसांची पोटं खपाटीला गेली, कान सुकून खाली लोंबायला लागले. काम टाकून सगळे शालिनीच्या खोलीभोवती येऊन उभे राहिले आणि लाकडाला कान लावू लागले.

आत ती शेवटचा टेलिफोन हातात धरून बसली होती. गुडघे हनुवटीला टेकले होते. मान वर करायला जागा नव्हती. टेलिफोनात बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, पण श्वास घेताना घशातून बारीक आवाज निघाला आणि तेवढाही टेलिफोनला पुरला. खोली आवळली. दाराच्या बिजागऱ्या निखळल्या आणि त्रिंबकरावांनी दार उचलून बाजूला ठेवलं.

ते खाली वाकले आणि त्यांनी आपला कान तिच्या तोंडाला लावला. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच इतके जवळ आले होते.

"दमलात का हो?" ती म्हणाली.

त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर झाली. गालांवर रंग चढला. आणि आपण काय विचारलं ते शालिनीला आठवेना. शब्द तोंडातून गेले होते तसे डोक्यातूनही गेले होते.

"भात," ती घाबरून म्हणाली, आणि पायाशी असलेल्या डब्यात पांढरं काय आहे ते तिला सांगता येईना.

त्रिंबकरावांनी कान जोरात दाबला. तिने आईचं नाव घेतलं, ते गेलं. माहेरची गल्ली गेली. बहिणी एकामागून एक गेल्या. मग तिने ओठ मिटून घेतले. मागची माणसं एकमेकांना ढकलून रांग लावत होती. रांग कारखान्याच्या फाटकाबाहेर गेली होती.

"बोला, मिसेस तळपदे," मागून कुणीतरी उचलून आणलेला साहेबांचा रेडिओ म्हणाला. "सगळे उपाशी आहेत."

तिने मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा त्रिंबकरावांनी दोन बोटांनी तिचं नाक चिमटीत धरलं आणि वाट पाहिली. ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. छाती फुटायला आली तशी तिने तोंड उघडलं, आणि त्यांनी कान आत सारला. मऊ, गरम, आत नाडी उडत असलेला कान तिच्या दातांच्या मधोमध आला.

रांग एक पाऊल पुढे सरकली.