बॉनेटखालचा आवाज

"बंद कर. आता चालू कर. परत बंद."

बॉनेटखालून हुकूम सुटत होते आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून किल्ली फिरवत होती. घाटमाथ्यावरची ती सगळ्यात मोक्याची जागा. बाकीच्या गाड्यांतली माणसं कठड्याला टेकून डोंगररांगा बघत होती, फोटो काढत होती. हिच्यासमोर मात्र उघडं बॉनेट आणि त्याच्या फटीतून दिसणारी नवऱ्याची टोपी.

"अहो, झालं का?"

"आवाज येतोय अजून."

"कसला आवाज? मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुला कसा येईल? बारीक आहे, शिट्टीसारखा. कुठलं तरी बेअरिंग बोलतंय."

तिनं कपाळाला हात लावला.

नवऱ्याला सगळं गाव फिटर म्हणूनच ओळखायचं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याचा जन्म गेला होता. पंप बिघडला की तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग बोट ठेवायचा ते नेमकं दुखण्यावरच. तिचं शिलाई मशीन दुरुस्त करायलाही तो असाच आला होता. मशीन तासाभरात बरं झालं, माणूस मात्र जन्माचा गळ्यात पडला, असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

डोंगर, बर्फ आणि समुद्र एकाच फेरीत दाखवीन, हे त्याचं लग्नानंतरचं पहिलं वचन. पण दरवर्षी ऐन वेळी घोडं पेंड खायचं. कधी पंप बसायचा, कधी हिच्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडायचा. यंदा मुलीनं दम भरला, जावयानं खोल्या ठरवून दिल्या, तेव्हा कुठे गाडीला मुहूर्त लागला. आणि गाव मागे पडतं न पडतं तोच ह्या आवाजानं डोकं वर काढलं.

आधी संशय जॅकवर गेला, मग थर्मासवर, मग तिच्या बांगड्यांवर. तिनं बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या.

"आता दातही काढून ठेवू का?" तिनं विचारलं.

वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं गाडी तपासून सांगितलं, की काही दोष नाही. त्यावर फिटर दिवसभर धुसफुसत होता. "त्याला कानच नाहीत," म्हणाला. धबधबा आला आणि गेला, दरी आली आणि गेली. हा आपला मान तिरकी करून डॅशबोर्डशी बोलतोय. ह्या प्रवासासाठी तिनं स्वतःला नवा कोट शिवला होता, तोही त्याच्या लक्षात आला नव्हता.

दोघं हिमनदीपाशी पोचली तेव्हा मात्र तिचा संयम संपला. गाडी थांबल्याबरोबर तिनं किल्ली उपसून मुठीत धरली.

"हा बर्फ डोळे भरून बघा. त्याशिवाय किल्ली मिळायची नाही. समजलं?"

त्याचं लक्ष कुठे आहे ते न बघताच ती तरातरा कठड्याकडे गेली. डोंगराच्या खांद्यावरून बर्फाचा अख्खा रस्ता खाली उतरला होता. पांढऱ्या कापडाला नीळ जास्त व्हावी तसा त्याच्या भेगांमधून निळा रंग फुटला होता. वारा पडला होता. इतकी शांतता तिनं आयुष्यात ऐकली नव्हती. राग विसरून ती त्याला हाक मारायला वळली.

फिटरनं बॉनेट उघडलेलंच होतं. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, डोळे मिटलेले.

"ये, ये लवकर!" तो ओरडला. "आता बघ कसा स्पष्ट येतोय. चालूच राहू दे इंजिन."

ती जवळ गेली आणि तिनं मूठ उघडली.

"अहो, गाडी बंद आहे."

त्यानं किल्लीकडे पाहिलं. मग जागच्या जागी उभ्या असलेल्या पंख्याकडे. मग त्यानं इंजिनवर तळवा ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. नंतर पाठ फिरवून तो बर्फाकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं समोर काय आहे ते पाहिलं होतं, पण तोंड दिसू नये म्हणून पाहिलं होतं, हे तिला कळलं.

परत येऊन त्यानं बॉनेट लावलं आणि स्वच्छच असलेले हात फडक्याला पुसले.

"सापडलं. आता नाही यायचा."

भांडण जिंकायची एवढी आयती संधी तिला कधी मिळाली नव्हती.

"गेला खरा," ती म्हणाली. "काही ऐकू येत नाही."

पुढचा सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि संतापही येत होता. ज्या पंपांची दुखणी ह्याच्या कानानं ओळखली, त्याच पंपांनी तो कान खाल्ला होता. वर्षानुवर्षं वाट बघून निघालेला हा एक प्रवास, त्यातच हे कळायचं होतं. चिडायचं तरी कुणावर? पंपावर?

समुद्र खवळलेला होता. लाटा काळ्या खडकांवर आपटून माणसाच्या उंचीच्याही वर उडत होत्या. फिटर एका दगडावर बसला आणि बघता बघता त्याचे खांदे सैल झाले.

"इथे बरं वाटतंय," तो ओरडून म्हणाला.

"काय?"

"इथे येत नाही तो!"

बोलून गेल्यावर तो चपापला. ती त्याला खेटून बसली.

"कधीपासून आहे?"

"पंपघरात कळत नव्हतं. तिथे सगळंच वाजत असतं. निघाल्यावर कळायला लागलं. मग म्हटलं, गाडीचाच असेल." लाटांकडे बघत तो म्हणाला, "गाडीचा असता तर काढता आला असता गं."

मागे गाड्यांच्या तळावर एक लाल जाकीटवाला माणूस गाडीपाशी उभा राहून वैतागला होता. इंजिन चालू होतं, पण बॅटरीचा दिवा विझत नव्हता आणि आत काहीतरी वाजत होतं. कुणाला यातलं कळतं का, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता. फिटर सवयीनं उठला. स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

मग डोळे उघडले. पुन्हा मिटले. त्याच्या कपाळावरची शीर उठलेली तिला लांबूनही दिसली. आता हा जमत नाही म्हणणार आणि हे हत्यार पुन्हा कधी हातात धरणार नाही, असं तिला वाटलं.

"जरा इकडे ये," त्यानं हाक मारली. तिनं जवळ जाऊन मान वाकवली, तशी त्यानं मूठ तिच्या कानाला लावली. "काय येतंय, सांग."

"घरघर."

"ती असू दे. तिच्या वर, बारीक काही?"

"इथे आत काही नाही. पण बाहेर, बाजूला काहीतरी किंचाळतंय. माझ्या मशीनचा पट्टा सैल झाल्यावर ओरडतो ना, तसं."

"सारखं, की थांबून थांबून?"

"थांबून थांबून."

त्यानं टोक दुसरीकडे टेकवलं. "आता इथे?"

"इथे आत गप्प आहे सगळं."

"म्हणजे बेअरिंगं चांगली आहेत," तो जाकीटवाल्याला म्हणाला. "पट्टा घसरतोय. थांबा, अजून एक जागा बघू दे."

एवढ्यात मागे मोठी लाट फुटली. खडकांवरच्या माणसांनी आरोळी ठोकली आणि खारट तुषार तिच्या नव्या कोटाच्या कॉलरवर येऊन पडले.

"हलू नकोस," फिटर म्हणाला.

ती हलली नाही. समुद्राकडे पाठ करून, नीट ऐकू यावं म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.