फवारणीतून सुटलेली खोली

देवराव नागपुरातून फवारणीच्या टोळीसोबत आला होता. शहात्तर सालचा आषाढ नुकता लागला होता आणि रामटेकच्या बाजूच्या त्या धानाच्या गावात हिवतापाने पुन्हा डोकं वर काढलं होतं. गोपिकाबाईंच्या घरी त्याने दोन खोल्यांच्या भिंतींवर डीडीटीचा फवारा मारला आणि तिसऱ्या, आतल्या खोलीकडे वळला. तेव्हा बाईंनी त्याचं आडनाव विचारलं. ते ऐकताच त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत नको जाऊ गा. तिथं देव हायेत."

असल्या उंबऱ्यांची देवरावला सवय होती. पण सवय झाली म्हणून माणसाचं डोकं फिरायचं थोडंच राहतं. एक खोली राहिली असं लिहिलं असतं, तर साहेबांनी स्वतः येऊन ती उघडून घेतली असती. त्याने तसं लिहिलं नाही. राहा म्हणावं डासांत, असं मनाशी म्हणत त्याने दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकली आणि खाली लिहिलं: खोल्या तीन, फवारल्या तीन.

भादव्यात दुसरी फेरी आली. घराशी पोहोचण्याआधीच त्याला गावात कळलं. बाईंची सहा वर्षांची नात गेली होती. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

गोपिकाबाई धाकट्या नातवाला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. "सामान बाहेर काढलं. देव तेवढे राह्यले. याले धर जरा," म्हणत त्यांनी पोर त्याच्या हातात दिलं आणि आतून देव परातीत घालून आणले.

ते वर्षाच्या आतलं पोर छातीशी धरल्यावर देवरावला गप्प राहवेना. "मावशी, मी भिंतीवर खोटं लिहिलं होतं," तो म्हणाला. "खोली राह्यली असं लिहिलं असतं, तं साहेब आले असते. रागाच्या भरात तीन लिहिल्या."

बाईंनी परात निंबाखाली ठेवली. पोर परत घेतलं.

"आधी फवार. कोपरा सोडू नको."

सोबतचा लहानू अंगणात पंप मारू लागला आणि देवराव फवाऱ्याची नळी घेऊन आत गेला. देवांच्या कोनाड्याखाली, लहान पोरीचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, कोळशाने काढलेल्या चिमण्या होत्या. त्याने त्यांच्यावरही फवारा मारला. मारावाच लागला. काळं पाणी भिंतीवरून ओघळत खाली आलं.

तो बाहेर आला, तेव्हा बाई निंबाखाली पाठमोऱ्या बसल्या होत्या. तो शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी तुले आडनाव इचारलं गा," त्या म्हणाल्या. "तू मले इचारायचं होतं, त्या खोलीत कोन झोपते म्हनून."