नोनूच्या रसातली पांढरी कृपा

शनिवारी सकाळी चर्चच्या अंगणात अख्खं गाव मांडी ठोकून बसलं होतं. गेल्या आठवड्यात कावेइंगाचा रस पिऊन पेनिसिमानी म्हातारा काठी फेकून नाचला होता. तेव्हापासून टोंगातल्या साऱ्या वावाऊ बेटाला आपापली काठी फेकायची घाई झाली होती.

मधोमध कावेइंगा. कमरेला तिथल्या रीतीची मानाची कोरी चटई गुंडाळलेली, समोर सॉसच्या जुन्या बाटल्या, आणि त्यांत नोनू फळाचा काळा रस.

"रस काय, कोणीही काढील!" तो गरजला. "गुण आहे तो आशीर्वादात. देवदूतानं स्वप्नात माझ्या या तळहातावर हात ठेवलाय. किंमत? छे छे, फक्त दान! वीस पांगांच्या खाली मात्र देवदूत रुसतो."

मग बाटलीच्या तोंडावर तळहात, मिटलेले डोळे, थोडी पुटपुट, आणि बाटली खळाखळा हलवली की झाली कृपा!

लोसालीन नीरफणसाखाली उभी होती. तिचं नेआफू शहरात औषधांचं दुकान होतं. तिची नजर कावेइंगावर नव्हती, पहिल्या रांगेतल्या हेपिसिपा आत्यावर होती. रस सुरू केल्यापासून आत्याचे गुडघे दुखायचे थांबले होते आणि चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला होता. "कृपा चढलीय!" लोक म्हणायचे. जिथे भरलेलं अंग म्हणजेच सुख, तिथे सूज ओळखणार कोण? लोसालीननं ओळखली होती. आत्याच्या रक्तातली साखर भडकली होती, अंगठ्यावरची जखम काळी पडत चालली होती. असंच चाललं तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टर सांगून चुकले होते.

पण बोलायचं कसं? आत्याला उलट बोलणं म्हणजे घराण्याच्या तोंडाला काळं फासणं. कावेइंगा तर चुलतभाऊ, आणि बहिणीनं भावाशी चारचौघांत वाद घालायचा नाही. असल्या रीती भामट्यांना देवदूतापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

ती खाली मान घालून आत्यापाशी येऊन बसली.

"आत्या, एक मागू?"

"माग की."

"आत्ता आशीर्वाद दिलेली बाटली मला गाळून बघू दे. लगेच, इथेच. दुकानात आलेली प्रत्येक बाटली मी तपासून घेते. हीच तेवढी का सोडू?"

आत्या खो खो हसली. "लहानपणी माशाचे काटे काढता काढता जेवण थंड करायचीस, तीच तू! ए कावेइंगा, आण ती बाटली."

कावेइंगानं बाटली छातीशी धरली. "आत्या, गाळलं तर कृपा उडून जाईल गं."

"उडाली तर परत बोलाव. देवदूत तुझ्या ओळखीचाच आहे ना? आण म्हणते ना!"

टोंगात आत्याचा शब्द मोडणारा भाचा अजून जन्मायचाय. बाटली आली. लोसालीननं पांढऱ्या फडक्यातून रस गाळला. वर काळा चोथा उरला, आणि चोथ्यात चार पांढऱ्या गोळ्या. कडा विरघळू लागलेल्या, पण मधली रेघ अजून स्वच्छ दिसणारी.

आत्यानं डोळे बारीक केले. "नोनूला रेघवाल्या बिया कधीपासून यायला लागल्या रे? हात दाखव!"

घामट तळहाताला पांढरी पूड चिकटली होती. गुण आशीर्वादात आहे, रसात नाही, हे मात्र बिचारा खरंच सांगत होता!

"पण मला बरं वाटलं ना!" पेनिसिमानी चिडला. "औषध तर औषध, बिघडलं काय?"

"आजोबा, ही दुखणं दाबणारी जबर गोळी आहे," लोसालीन म्हणाली. "माझ्याकडेही मिळते. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी देत नाही. आधी साखर विचारते, किती घ्यायची ते पाकिटावर लिहून देते. ही गोळी साखर भडकवते, अंग सुजवते, मग जखमा भरत नाहीत. आत्या, एका बाटलीत किती घालतो, विचार ना."

"किती रे?"

"हाताला येतील तेवढ्या," कावेइंगा पुटपुटला.

आत्यानं रस ओतून टाकायला रागानं बाटली उचलली.

"ओत खुशाल," लोसालीन घाईनं म्हणाली, "पण ज्यांनी ज्यांनी घेतलाय, त्यांनी आजच दवाखान्यात चला. या गोळ्या एकदम बंद केल्या तरी जिवावर बेततं. डॉक्टर हळूहळू कमी करतील."

आत्यानं अंगठ्याकडे बघितलं. "माझा पाय वाचेल ना गं?"

"वाचेल असं वाटतं, आत्या. वचन देता येत नाही."

आत्या उठली, तिनं भाच्याची मानगूट धरली. "तूही चढ दवाखान्याला जाणाऱ्या ट्रकात. काय पाजलंस ते डॉक्टरला तुझ्या तोंडानं सांग."

लोकहो, असा एखादा तळहात तुमच्याही गावात आहे. पुढच्या वेळी त्याच्यापुढे मान झुकवण्याआधी विचारा: आत काय आहे, किती आहे, आणि माझ्या दुखण्याला ते चालेल का? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका.