अकरा खोकी औषधं

तुमच्या घरात औषधांचा एक डबा असेलच. डबा नसला तर कपाटातला एखादा खण असेल, फ्रिजच्या दारातला कप्पा असेल. कधीकाळच्या खोकल्याची अर्धी बाटली, डोळ्यांत घालायचे थेंब, पाय मुरगळला तेव्हा आणलेलं मलम आणि कशाच्या आहेत हे कुणालाच आठवत नाही अशा चार गोळ्या. वर्षातून एकदा आपण तो उघडतो, नाक मुरडतो आणि पुन्हा लावून टाकतो.

सेक्रेटरी वहिनींना समाजसेवेची कल्पना सुचली ती याच डब्यावरून. चार इमारतींच्या त्या वसाहतीच्या त्या गेली सहा वर्षं सेक्रेटरी होत्या. पाण्याच्या टाकीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत त्यांच्याशिवाय पान हलत नसे. वयाने मोठी माणसंही त्यांना वहिनीच म्हणत आणि त्यांच्यापुढे जरा जपूनच बोलत.

"आपल्याकडे औषधं पडून आहेत आणि खालच्या वस्तीत माणसं औषधावाचून तळमळतायत!" वहिनी सभेत म्हणाल्या. "आठ दिवसांत प्रत्येक इमारतीने जमेल तेवढी औषधं गोळा करायची. सगळी तिथल्या धर्मादाय दवाखान्याला द्यायची. ज्या इमारतीची खोकी जास्त, तिचं नाव फलकावर!"

फलक म्हटल्यावर लोकांना चेव चढला. ज्यांनी वर्षानुवर्षं डबा उघडला नव्हता, त्यांनी माळ्यावरून पिशव्या काढल्या. एकाने तर वारलेल्या सासऱ्यांचं औषधांचं अख्खं टेबल रिकामं केलं.

वहिनींनीही आपला खण उपसायला घेतला. यजमान चष्मा लावून शेजारी बसले होते. त्यांनी खोकल्याची एक बाटली उजेडात धरली.

"अगं, याची मुदत तर कधीच संपलीये. परवा मी नातवाला द्यायला निघालो, तर तूच हातातून ओढून घेतलीस ना?"

"म्हणून तर देतेय! आपल्याला नको असली म्हणून टाकून कशाला द्यायची? ज्यांना काहीच मिळत नाही, त्यांना तेवढीही पुष्कळ."

"पण मुदत..."

"तुम्हाला ना, चांगल्या कामात आधी खोट दिसते!"

यजमान गप्प बसले. तीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं ते त्यांना चांगलं कळलं होतं.

रविवारी अकरा खोकी घेऊन मंडळी दवाखान्यात पोचली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येत. एरवी सगळा भार दोन सिस्टरांवर. सकाळी दवाखाना सांभाळायचा आणि दुपारी ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया टोचायच्या. त्या घरभेटींवर वस्तीतली कितीतरी अंथरुणाला खिळलेली माणसं तग धरून होती.

मोठ्या सिस्टरांनी खोक्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, पण फोटोसाठी त्या हसल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या वेळी आधी एक फोन करा हं." वहिनींना वाटलं, बाई संकोची आहे. घरी येईपर्यंत त्यांनी स्वतःची पाठ चांगली दहा वेळा थोपटून घेतली होती.

गुरुवारी त्या आभाराचं पत्र आणायला गेल्या. बी इमारतीने पाच खोकी देऊन बाजी मारली होती आणि फलकावर नावासोबत पत्रही लावायचा बेत होता. दवाखान्याच्या दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता: 'घरभेटी शनिवारपर्यंत बंद.' वहिनींनी तो वाचला आणि मनात म्हणाल्या, या लोकांना सुट्ट्या बऱ्या मिळतात.

आत दोन्ही सिस्टर जमिनीवर बसल्या होत्या. भोवती अकरा खोकी आणि पुढ्यात तीन टोपल्या. धाकट्या सिस्टरच्या बोटांना बाटल्यांचा चिकटा लागला होता.

"बरं झालं आलात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पत्र देते. पण थोडा हात लावाल? शनिवारी तपासणीला माणूस येतोय. दवाखान्यात मुदत संपलेलं औषध सापडलं, तर आमची परवानगीच जाईल."

वहिनी साडी सावरून बसल्या. पहिल्याच पिशवीत गोळ्यांचे कापलेले तुकडे निघाले.

"या कुठे टाकू?"

"न कळणाऱ्यांच्या टोपलीत. दुकानदार पट्टी कापून देतो ना, मग नाव एका तुकड्यावर राहतं आणि तारीख दुसऱ्यावर. हा तुकडा कसला, कधीचा, काय सांगणार?"

"अंदाजाने थोडंफार कळत असेल की!"

मोठ्या सिस्टरांनी हातातली बाटली खाली ठेवली. "अंदाजाने तुम्ही तुमच्या नातवाला द्याल?"

त्या सहज बोलल्या होत्या. वहिनी मात्र चपापल्या.

"मग सरळ फेकून का देत नाही?" त्यांनी विचारलं. आवाज उगाचच चढला होता.

"कुठे फेकू? कचऱ्यात टाकलं तर कुणी उचलून खाईल. गटारात ओतलं तर तेच पाणी पुढे जाईल. जाळायला पाठवायचं, तर एकेकाची यादी द्यावी लागते. सोमवारपासून तेच चाललंय. वहिनी, रागावू नका. लोकांना द्यावंसं वाटतं, हे चांगलंच आहे. पण गरीब माणसाचं शरीर काही वेगळं नसतं हो! जे औषध तुम्हाला बाधेल, ते त्यालाही बाधतं. उलट त्याला जास्त, कारण बाधलं तर त्याने जायचं कुठे?"

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"भीती वाटते," मोठ्या सिस्टर खाली बघत म्हणाल्या. "नाही म्हटलं की माणसं दुखावतात. मग खरंच काही लागलं, तर त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार? चूक माझीही आहे."

 वहिनींनी पुढच्या खोक्यात हात घातला आणि हाताला खोकल्याची बाटली लागली. तिच्यावरच्या कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'रात्री एक चमचा.' त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं आणि बाटली पर्समध्ये सरकवली. धाकट्या सिस्टरने ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि ती पुढची पिशवी सोडायला लागली. ते वहिनींना जास्त लागलं.

तेवढ्यात पडवीत गडबड झाली. शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत एक म्हातारा आत आला. वस्तीतले शिंपीकाका. साखरेचा आजार, त्यात उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम. मोठ्या सिस्टर एक दिवसाआड त्यांच्या घरी जाऊन ती धूत असत. शनिवारी बांधलेली पट्टी अजून तशीच होती, फक्त काळपट ओली झाली होती. खोलीत वास पसरला.

"काका! निरोप का नाही पाठवलात?" मोठ्या सिस्टर धावल्या.

"कळलं ना, तुम्ही कामात आहात," काका ओशाळून म्हणाले. "म्हटलं, दोन दिवस कळ काढू. पण काल रात्रीपासून ताप आलाय."

योगायोगाने डॉक्टर त्या दिवशी होते. त्यांनी पट्टी सोडली, पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "आजच्या आज मोठ्या रुग्णालयात न्या. अंगठा काही राहत नाही. पाय वाचवायला धडपडू."

शेजारी गाडी आणायला पळाला. काका बाकावर बसून राहिले. समोर बसलेल्या वहिनींकडे त्यांचं लक्ष गेलं. "या कोण?"

"औषधं देणाऱ्या बाई," धाकटी सिस्टर बोलून गेली.

काकांनी चक्क हात जोडले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचं चाललंय हो! तुमचं भलं होवो."

वहिनींना वाटलं, जमिनीने दुभंगून पोटात घ्यावं!  तुमच्याकडे यायच्या सिस्टर माझा कचरा निवडत बसल्या होत्या, हे त्या माणसाला कसं सांगायचं? त्यांनी नुसती मान हलवली. म्हणजे आभार स्वीकारले! पत्र न घेताच त्या उठल्या आणि निघाल्या.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. यजमानांनी दोनदा विचारलं. शेवटी त्यांनी पर्समधली बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. "मी सांगितलं होतं" असं म्हणायची आयतीच संधी होती. पण यजमान म्हणाले, "मीसुद्धा तारीख वाचली होती आणि गप्प बसलो. माझंही नाव घाल त्यात."

शुक्रवारी वहिनींनी तातडीची सभा बोलावली. लोक फलकाच्या कार्यक्रमासाठी नटूनथटून आले होते. वहिनींनी ती बाटली टेबलावर मांडली.

"ही माझ्या घरातली. नातवाच्या तोंडाजवळ गेली तेव्हा मी किंचाळले आणि तीच दुसऱ्याच्या नातवासाठी पाठवली. मुदत संपलीये हे मला माहीत होतं! नकळत झालं असं म्हणायचीही सोय नाही." आणि मग पुढचं, अंगठ्याचं, त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

 पाच खोकीवाले बी इमारतीचे अध्यक्ष खाकरले. "पण वहिनी, आपला हेतू तर चांगला होता."

"कुठला चांगला? घर मोकळं झालं आणि वर पुण्य! दोन्ही आपल्यालाच मिळालं. त्यांच्या वाट्याला काय आलं? उद्या सकाळी आठ वाजता मी उरलेली खोकी निवडायला जाणार आहे. ज्याला लाज वाटली असेल, त्याने यावं."

शनिवारी सात जण आले. अध्यक्षही आले, जरा उशिरा, मान खाली घालून. तपासणीचा माणूस येण्याआधी खोल्या रिकाम्या झाल्या. जाताना वहिनींनी तोच प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. "सिस्टर, तुम्हाला खरंच काय लागतं?"

"नवा कापूस आणि पट्टीचं कापड. आणि दुपारी कुणी गाडीवरून नेऊन आणलं, तर चार घरांऐवजी सात घरं होतील. उन्हात चालण्यातच आमचा निम्मा वेळ जातो."

एवढंच! वहिनींची स्कूटर तर दुपारभर जिन्याखाली उभी असायची.

तीन आठवड्यांनी मोठ्या सिस्टरांना मागे बसवून वहिनी शिंपीकाकांच्या दारात उतरल्या. पाय वाचला होता, अंगठा गेला होता. कोपऱ्यातली पायमशीन झाकून ठेवली होती. सिस्टरांनी पट्टी सोडायला घेतली. वहिनी तसराळं धरून खाली बसल्या. जखमेकडे बघवत नव्हतं, तरी त्यांनी पाहिलं.

"काका, त्या दिवशी तुम्ही मला हात जोडलेत. मी त्या लायकीची नव्हते. सिस्टर तुमच्याकडे आल्या नाहीत, ते माझ्या खोक्यांमुळे. त्यात सगळा टाकाऊ माल होता."

काकांनी मशीनकडे पाहिलं.

"राग आला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं या पायाने मशीन चालवली. आता पुन्हा शिकावं लागेल." मग म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे कुणी आलं ना, की मी आधी टेप काढतो. कापड कितीही भारी असू दे, माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. तुम्ही मापच घेतलं नाहीत. दुसऱ्याच्या अंगावर आपल्या मनाने कापड बेतलंत."

वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हात तसराळ्याला होते, त्यामुळे पुसताही येईना. काकांनी त्यांना माफ केलं असं काही म्हटलं नाही. वहिनींनीही माफी मागितली नाही. फक्त जाताना काका म्हणाले, "सोमवारी याल ना?" आणि त्या "हो" म्हणाल्या.

वाचकहो, दवाखान्याला जरूर द्या. सढळ हाताने द्या, वेळ द्या, पैसे द्या, जे चालेल ते द्या. पण जे आपल्या लेकरांना द्यायला हात धजत नाही, ते दुसऱ्याच्या हातावर ठेवणं हे दान नव्हे. आणि देण्याआधी तिथे जाऊन विचारा, तुम्हाला काय हवंय? विचारायला संकोच वाटत असेल, तर सोमवारी दुपारी सेक्रेटरी वहिनींना गाठा. न विचारल्याची लाज किती दिवस पुरते, ते त्या तुम्हाला सांगतील.